रिपोर्ट नॉर्मल, तरी आजार खरा

"एमआरआय काढला, सगळं नॉर्मल आलं. मग पोराला झालंय तरी काय?" साताऱ्याला नाही तर मिरजेला जाऊन आलेल्या घरांतून हा प्रश्न हटकून ऐकू येतो. म्हसवडहून सकाळची एसटी धरायची, दिवसभर रांगेत बसायचं, काही हजार रुपये मोजायचे आणि संध्याकाळी काळ्या फिल्मची मोठी पिशवी काखेत मारून परतायचं. फिल्ममध्ये गाठ नाही, रक्तस्राव नाही, सूज नाही. घरच्यांना आधी हायसं वाटतं आणि मग ते हबकतात. मेंदू ठीक आहे म्हणजे हे बाहेरचंच काहीतरी असणार! पुढचा फेरा देवरुष्याकडे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या संशोधनाने या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी दिलं आहे, पण ते पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटतं. बायपोलर आजारात मेंदूत फरक असतो. तो हजारो माणसांत, अनेक देशांत, पुन्हा पुन्हा मोजला गेला आहे. मात्र एकट्या माणसाची फिल्म उजेडाला धरून तो कुणालाही दाखवता येत नाही, मोठ्यातल्या मोठ्या तज्ज्ञालासुद्धा नाही. या दोन गोष्टी एकत्र ध्यानात राहिल्या नाहीत तर घर स्कॅनवर पैसे घालवत बसतं किंवा आजारच नाकारून मोकळं होतं. माणदेशात मला दोन्ही चुका सारख्याच होताना दिसतात.

आधी आजार कसा दिसतो ते पाहू. माण, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यावर उभी राहिली. सोनं-चांदी गाळायला, शुद्ध करायला इथली माणसं देशभर पांगली. समजा, असाच एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा कोइमतूरला मामाच्या दुकानात आहे. दिवाळीनंतर त्याची झोप एकदम कमी होते. तीन तास झोपूनही गडी ताजातवाना. बोलणं थांबत नाही, एक विषय संपायच्या आत दुसरा सुरू. आणखी पाच दुकानं काढायचे बेत ठरतात, ओळखीपाळखीच्यांकडून पैसे उचलले जातात, रात्री दोन वाजता फोन लागतात आणि कुणी अडवलं की भडका उडतो. दोन आठवड्यांनी मामा त्याला गाडीत घालून गावी आणतो. औषधं सुरू होतात, मुलगा सुधारतो, सुधारला म्हणून औषधं बंद होतात. पुढच्या पावसाळ्यात तोच मुलगा घोंगडं ओढून पडून राहतो. शेरडांना चारा टाकायलाही उठत नाही, जेवत नाही, "मी सगळ्यांना बुडवलं" एवढंच पुटपुटतो. पहिल्या वेळी गाव म्हणालं, याला काहीतरी लागलंय. दुसऱ्या वेळी म्हणतं, आळशी झाला. हा मुलगा काल्पनिक आहे, पण मानसोपचारतज्ज्ञांना या क्रमाने येणारी माणसं रोज भेटतात.

दोन्ही एकाच आजाराच्या अवस्था आहेत हे वैद्यकाच्या ध्यानात यायलाही वेळ लागला. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये फाल्रे आणि बायार्झे या दोन डॉक्टरांनी जवळजवळ एकाच वेळी अशा आलटून-पालटून येणाऱ्या वेडाचं वर्णन केलं आणि श्रेयावरून वाद घातला. १८९९ मध्ये जर्मनीच्या एमिल क्रेपेलिन यांनी उन्माद आणि औदासीन्य एका नावाखाली आणलं. 'बायपोलर' हा शब्द अधिकृत वर्गीकरणात आला तो १९८० मध्ये. आजच्या व्याख्येप्रमाणे उन्मादाचा झटका किमान आठवडाभर टिकलेला असावा लागतो (भरती करावं लागलं तर ही अट नाही) आणि नैराश्याचा किमान दोन आठवडे. म्हणजे सकाळी आनंदी आणि दुपारी उदास असणाऱ्याला चेष्टेने 'बायपोलर' म्हणण्यात काही अर्थ नाही. आजाराची सुरुवात बहुधा पंधरा ते तीस या वयात होते. पहिला झटका नैराश्याचा असेल तर आजार ओळखणं अवघड जातं. साधं डिप्रेशन समजून नुसतीच नैराश्याची गोळी दिली, तर काही जणांत ती उलट उन्माद भडकवते.

भारताने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १२ राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. आयुष्यात कधीतरी हा आजार झालेल्या प्रौढांचं प्रमाण त्यात सुमारे ०.५ टक्के आढळलं, म्हणजे दोनशे माणसांत एक. त्यातल्या जवळपास ७० टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. हेच प्रमाण दोन लाखांवर लोकसंख्येच्या माण तालुक्याला लावलं तर आकडा काही शेकड्यांत जातो. एवढी माणसं तालुक्यात आहेत आणि आपल्याला त्यांतली दोन-चारच ठाऊक असतात, तीही टोपणनावाने.

आता मेंदूकडे वळू. शास्त्रज्ञ त्याच्याकडे दोन प्रकारे पाहतात. एक म्हणजे काम करताना मेंदूचा कुठला भाग किती जागा होतो. दुसरं म्हणजे त्याची बांधणी, कुठला भाग किती मोठा आणि किती जाड. पहिल्यासाठी फंक्शनल एमआरआय वापरतात. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तिथे प्राणवायूने भरलेलं रक्त जास्त धावतं, आणि यंत्र तो बदल टिपतं. माणसाला यंत्रात झोपवून समोरच्या पडद्यावर चेहरे दाखवतात. काही घाबरलेले, काही रागावलेले, काही हसरे. त्याने ते ओळखून बटण दाबायचं, एवढंच.

कानाच्या वरच्या अंगाला, मेंदूत खोलवर, बदामाएवढा अमिग्डाला नावाचा भाग असतो. समोरची गोष्ट भावनेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे का, धोक्याची आहे का, हे तो झटक्यात ठरवतो. कपाळाच्या मागे, खालच्या बाजूला मेंदूच्या बाह्यकाचा, म्हणजे वरच्या घडीदार थराचा, एक पट्टा आहे. आलेली ऊर्मी रोखणं, भावना आवरून धरणं ही कामं मुख्यत्वे त्याची. २०११ मध्ये अशा ६५ अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले. बायपोलर असलेल्यांत भावनेशी निगडित खोलवरचे भाग जास्त पेटलेले आणि कपाळामागचा खालचा पट्टा कमी जागा, असं चित्र त्यातून निघालं. हा पट्टा सगळ्यांत मंद सापडला तो उन्मादाच्या काळात. आपल्या गलाईवाल्या मुलाला मामा काही बोलला की तो कशाने उसळतो, याचा काही अंशी उलगडा इथे होतो. त्याला राग येतो यात नवल नाही, मामालाही येतो. त्याचा राग आवरणारी यंत्रणा त्या दिवसांत नीट हाताशी नसते.

दुसरा प्रयोग पैशाचा. यंत्रात पडलेल्या माणसाला पत्त्यांसारखा एक खेळ देतात आणि आता जिंकशील की हरशील, असं ताटकळत ठेवतात. मेंदूच्या तळाशी स्ट्रायाटम नावाचा भाग आहे. बक्षिसाच्या नुसत्या चाहुलीनेही तो जागा होतो. बायपोलर असलेल्यांत हा भाग आणि त्याच्याशी जोडलेला डावीकडचा कपाळामागचा भाग बक्षिसाची वाट पाहताना जास्त उसळतो, असं अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या गटाला दिसलं. गंमत म्हणजे हे माणूस बरा असतानाही दिसलं. पाच दुकानं काढायचा बेत हा बुद्धीचा दोष म्हणून पाहिला जातो, पण पोरगं हिशेबात कच्चं नसतंच. होणाऱ्या फायद्याचं आकर्षणच त्याला इतरांपेक्षा मोठं जाणवतं, आणि उन्मादात ते आभाळाला भिडतं.

इथे थोडी सावधगिरी हवी. फंक्शनल एमआरआयची ती लाल-पिवळी चित्रं पाहून मेंदूचं अंतरंगच उघडलं असं वाटतं, आणि वर्तमानपत्रं तसं छापतातही. खरं तर ती अनेक माणसांच्या सरासरीची रंगवलेली आकडेमोड असते. रुग्ण कोणत्या अवस्थेत आहे, कोणती औषधं घेतो, यंत्रात त्याला काय करायला सांगितलं, यावर निकाल बदलतात. नैराश्याच्या अवस्थेतले निष्कर्ष तर अजून एकमेकांशी जुळत नाहीत.

बांधणीचा पुरावा जास्त भरभक्कम आहे. १९९७ मध्ये वेन ड्रेव्हेट्स यांच्या गटाने 'नेचर' या नियतकालिकात एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. कपाळामागे, मेंदूच्या मध्यरेषेलगतचा एक लहानसा भाग घरात आजार चालत आलेल्या बायपोलर रुग्णांत बराच आक्रसलेला आढळला होता. त्यानंतर अभ्यासांचा पूर आला. प्रत्येकात वीस-तीस रुग्ण, आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा. एकाला अमिग्डाला मोठा दिसला, दुसऱ्याला लहान. या गोंधळातून वाट काढायला जगभरच्या संशोधकांनी 'एनिग्मा' नावाचा संघ उभा केला. सगळ्यांनी आपापली स्कॅन एकाच पद्धतीने मोजायची आणि आकडे एकत्र करायचे.

२०१६ मध्ये या संघाने १,७१० रुग्ण आणि २,५९४ निरोगी माणसं यांची तुलना प्रसिद्ध केली. आठवणी साठवण्यात महत्त्वाचा असलेला हिप्पोकॅम्पस आणि मेंदूत येणाऱ्या संदेशांची वाटणी करणारा थॅलॅमस हे दोन्ही रुग्णांत सरासरीने थोडे लहान निघाले. मेंदूच्या पोटातल्या, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या थोड्या मोठ्या निघाल्या. २०१८ मध्ये बाह्यकाची जाडी मोजली. कपाळामागचा, कानशिलाजवळचा आणि माथ्याजवळचा थर दोन्ही बाजूंना सरासरीने पातळ. सगळ्यांत ठळक फरक डाव्या कपाळामागच्या खालच्या भागात, म्हणजे वरच्या प्रयोगांत मंद सापडलेल्या पट्ट्यातच. २०१९ मध्ये ३,०३३ माणसांच्या मेंदूतले पांढरे तंतू तपासले गेले. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा जाड पूल आणि भावनेचे भाग कपाळाशी जोडणारा सिंग्युलम नावाचा जुडगा यांच्या बांधणीत सगळ्यांत जास्त फरक आढळला. वेगवेगळ्या यंत्रांनी, वेगवेगळ्या देशांत घेतलेले हे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात. भावना उठवणारे भाग आणि त्या आवरणारे भाग यांच्यातली देवाणघेवाण या आजारात बिघडलेली असते.

मग फिल्ममध्ये हे का दिसत नाही? कारण फरक सरासरीचा आहे आणि तो लहान आहे. माणदेशातल्या दोन रानांत बाजरी उभी आहे, एका रानातली कणसं सरासरीने बोटाच्या पेराच्या काही भागाइतकी आखूड आहेत. पाच हजार कणसं मोजली तर फरक निर्विवाद निघेल. पण एकच कणीस हातात देऊन 'हे कुठल्या रानातलं?' असं विचारलं, तर जन्मभर शेती केलेला म्हाताराही अंदाजच बांधेल. हिप्पोकॅम्पसचा फरक नेमका या जातीचा आहे. एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस अशा शंभर जोड्या लावल्या, तर रुग्णाचा हिप्पोकॅम्पस लहान निघेल तो सुमारे ५६ जोड्यांत. बाकीच्या ४४ जोड्यांत उलटं. नाणं उडवलं तरी ५० येतात.

माणसाच्या डोळ्याला जमत नाही ते संगणकाला जमेल म्हणून तोही प्रयत्न झाला. एनिग्माच्या १३ केंद्रांमधली ३,०२० माणसांची स्कॅन संगणकाला शिकवली आणि मग रुग्ण कोण, हे ओळखायला लावलं. तो शंभरात सुमारे ६५ वेळा बरोबर आला. हे संशोधनासाठी उत्साहाचं असलं तरी निदानासाठी बिनकामाचं आहे. तेव्हा 'मेंदूचा स्कॅन करून बायपोलर ओळखतो' असं कुणी सांगितलं, तर तो पैसे काढतोय असं खुशाल समजावं.

याचा अर्थ एमआरआय कधीच काढू नये असा नाही. पहिला झटका पन्नाशीनंतर आला, फिट आली, डोक्याला मार लागला, एका बाजूचा हात-पाय ओढला जातो, न थांबणारी डोकेदुखी आहे किंवा माणूस दिवस-रात्र, ठिकाण विसरून बरळतोय, तर डॉक्टर स्कॅन मागवतात आणि ते योग्यच असतं. तिथे शोध बायपोलरचा नसतो. तसंच वागायला लावू शकणाऱ्या गाठीचा, जंताच्या गाठींचा, रक्तस्रावाचा किंवा सुजेचा असतो. थायरॉइडची रक्ततपासणीही याच कारणाने करतात. अशा वेळी 'नॉर्मल' या शब्दाचा अर्थ 'दुसरं काही नाही' एवढाच. तो 'आजार नाही' असा वाचणं ही आपली चूक.

मेंदूतला हा फरक आजाराचं मूळ आहे की आजाराचा परिणाम? या प्रश्नावर संशोधक अजून झगडत आहेत, आणि मला तो सगळ्यांत रंजक वाटतो. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो ६० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान निघतो. पण 'बायपोलरचं जनुक' असं एक काही नाही. २०२५ च्या सुरुवातीला 'नेचर'मध्ये आलेल्या, दीड लाखाहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात डीएनएवरच्या २९८ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांचे मेंदूही मोजले गेले. त्यांच्या डोक्यातल्या मेंदूची एकूण जागा सर्वसाधारण माणसांपेक्षा सरासरीने किंचित जास्तच निघाली. 'त्या घराण्याची डोकीच कमी' असं लग्नाच्या बोलण्यात कुजबुजणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

झटक्यांचा परिणाम होतो, याचाही पुरावा आहे. २०२२ मध्ये काही वर्षांच्या अंतराने दोनदा स्कॅन केलेले १,२३२ जण तपासले गेले. एकूण रुग्णांत बाह्यक भराभर झिजतंय असं दिसलं नाही. पण ज्यांना मधल्या काळात उन्मादाचे झटके जास्त आले, त्यांच्यात कपाळामागचा थर जास्त वेगाने पातळ झाला होता. झटके टाळले तर मेंदू वाचतो, असं यावरून ठामपणे म्हणता येणार नाही. पण औषध मध्येच सोडणाऱ्या घराला सांगण्यासारखं याहून वजनदार कारण मला माहीत नाही.

आणखी खोलात पेशीपर्यंत गेलं तर २०१५ चं एक काम थक्क करतं. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत बायपोलर रुग्णांच्या त्वचेच्या पेशी घेऊन त्यांच्यापासून प्रयोगशाळेत मज्जापेशी वाढवल्या. त्या निरोगी माणसांच्या मज्जापेशींपेक्षा जास्त चेतत होत्या. मग त्यांना लिथियम दिलं. ज्या रुग्णांना प्रत्यक्ष आयुष्यात लिथियम लागू पडलं होतं, फक्त त्यांच्याच पेशी शांत झाल्या. आपल्याकडे बंगळुरूला निम्हान्स आणि राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र यांनी मिळून अशाच पेशींवर काम सुरू केलं आहे. एकाच घरात दोन किंवा जास्त माणसांना गंभीर मानसिक आजार आहे अशी भारतीय कुटुंबं त्यांनी त्यासाठी निवडली.

लिथियमचा शोधही ऐकण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे कैदी होते. परतल्यावर मेलबर्नजवळच्या एका रुग्णालयाच्या वापरात नसलेल्या स्वयंपाकघरात ते गिनीपिगवर प्रयोग करू लागले. शोधत होते वेगळंच, उन्मादी रुग्णांच्या लघवीतलं विष. युरिक आम्ल विरघळावं म्हणून त्यांनी लिथियमचा क्षार वापरला आणि प्राणी अनपेक्षितपणे शांत पडले. केड यांनी आधी तो क्षार स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला. १९४९ मध्ये त्यांचा लेख छापून आला. त्यांचा पहिला रुग्ण, वर्षानुवर्षं उन्मादात असलेला पन्नाशीचा माणूस, काही महिन्यांत घरी गेला. पुढे १९५० मध्ये तोच लिथियमच्या विषबाधेने दगावला, कारण रक्तातलं प्रमाण मोजायची पद्धत तेव्हा नव्हती. आज ती आहे. झटके पुन्हा येऊ नयेत आणि आत्महत्या टळाव्यात यासाठी या स्वस्त क्षाराच्या तोडीची औषधं फार थोडी आहेत. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. एनिग्माच्या २०१८ च्या मोजणीत लिथियम घेणाऱ्यांचं बाह्यक न घेणाऱ्यांपेक्षा कमी पातळ होतं. मज्जापेशींची झीज करणाऱ्या एका विकराला ते आवर घालतं, असा त्यामागचा एक कयास आहे.

म्हसवडच्या वाचकाने मात्र लिथियमबद्दल वेगळं काही लक्षात ठेवायला हवं, आणि पुण्या-मुंबईच्या लेखांत ते क्वचित येतं. लिथियम मिठाच्या, म्हणजे सोडियमच्या कुळातलं. मूत्रपिंडाला दोघांत फारसा भेद करता येत नाही. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि सोबत लिथियमही धरतं. गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण चढतं. आता माणदेशाचा वैशाख डोळ्यांपुढे आणा. पारा चाळिशीला टेकलेला, रानात नाही तर रस्त्याच्या कामावर दिवसभर घाम, प्यायला पाणी जपून. सुरक्षित प्रमाण साधारणपणे लिटरला ०.६ ते १.० एककांच्या पट्ट्यात आहे आणि १.५ च्या पुढे विषबाधेची हद्द सुरू होते. एवढ्या अरुंद पट्टीवर उन्हाळा, जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास, पंढरीची पायी वारी यातलं काहीही गणित बिघडवू शकतं. बीपी आहे म्हणून कुणी एकाएकी मीठ तोडलं तरी तेच. वर कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणली की प्रमाण आणखी चढतं, कारण या वेदनाशामकांमुळे लिथियम लघवीवाटे कमी बाहेर पडतं. बीपीच्या काही गोळ्याही हेच करतात. दुखण्याला पॅरासिटामॉल तुलनेने बरं.

हात जोरात थरथरू लागले, जीभ जड झाली, चालताना झोक जाऊ लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे ऐकून कुणी लिथियमच सोडू नये. रक्ततपासणी (शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी), पुरेसं पाणी आणि नेहमीएवढं मीठ एवढं सांभाळलं, सहा महिन्यांनी थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी केली, तर माणसं हे औषध वर्षानुवर्षं घेतात आणि दुकानं चालवतात. ज्यांना ते मानवत नाही त्यांच्यासाठी इतर औषधं आहेत. त्यातलं व्हॅलप्रोएट मूल होण्याच्या वयातल्या बाईला शक्यतो देत नाहीत, त्याने गर्भात व्यंग येऊ शकतं. सुनेची गोळी कोणती, हे घराने विचारून घ्यावं.

दुसरी इथली गोष्ट जागरणाची. मेंदूच्या तळाशी दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणारा पेशींचा पुंजका असतो, आणि बायपोलर माणसाचं हे घड्याळ नाजूक असतं. झोप मोडणं हे उन्मादाचं लक्षण आहे तसंच उन्मादाचं कारणही. एक-दोन रात्रींचं जागरण काहींना पुरतं. म्हसवडच्या सिद्धनाथाची मार्गशीर्षातली रथयात्रा, लग्नानंतरचा जागरण-गोंधळ, ऊसतोडीच्या फडावरच्या अवेळी भरायच्या गाड्या, गलाईच्या भट्टीवरची रात्रपाळी. यात्रा सोडा असं मी म्हणणार नाही, म्हसवडात ते कुणी ऐकणारही नाही. ज्याला हा आजार आहे त्याने दिवसा रथ ओढावा, गुलाल उधळावा आणि रात्री वेळेवर झोपावं. घरच्यांनी त्यावरून टोमणे मारू नयेत.

निदान मग होतं कशावरून? घराच्या सांगण्यावरून. झोप कधी कमी झाली, पैसा कुठे गेला, आधी असं कधी झालं होतं का, आत्या-चुलत्यांत कुणाला होतं का. उन्मादातला माणूस स्वतः 'मला काही झालेलं नाही' असंच सांगतो, तेव्हा सोबत गेलेली आई, बायको किंवा थोरला भाऊ यांची आठवण स्कॅनपेक्षा मोलाची ठरते. तारखा लिहिलेली साधी वही नेली तर आणखी उत्तम.

देवरुष्याबद्दलही बोललं पाहिजे. सिद्धनाथ अनेकांचं कुलदैवत आहे, आणि आजारी माणसाच्या आईने नवस बोलला म्हणून तिला हिणवण्यात मला रस नाही. गोळी आणि अंगारा एका घरात नांदू शकतात. जिथे गोळी बंद करायला सांगतात, साखळीने बांधतात, मिरचीची धुरी देतात तिथे मात्र प्रकरण श्रद्धेचं राहत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी आयुष्य घालवलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतरच कायदा झाला. त्यांचे चिरंजीव डॉ. हमीद दाभोलकर साताऱ्यातच मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने मानसोपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरावा असंही त्यात म्हटलं आहे. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे जाण्याआधी कुणाशी तरी बोलायचं असेल, जीव नकोसा झाल्याचं कुणी बोलून दाखवत असेल किंवा औषध सुरू ठेवावं का, एवढंच विचारायचं असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि पलीकडे मराठीत बोलणारं माणूस मिळतं.